नवरा म्हणतो राहू दे, मी म्हणते मार!

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार. आम्ही इंदिरानगरला रो-हाऊसमध्ये राहतो, मी, मिस्टर, सासूबाई आणि ७ वर्षांचा मुलगा. पाऊस सुरू झाल्यापासून रात्री बाथरूममध्ये नाहीतर किचनच्या बेसिनमध्ये गोम निघते. पिवळट रंग, पाठीवर गडद रेघा, लांब लांब पाय, आणि लाइट लावला की अशी पळते की माझे हातपाय गळतात. मी किंचाळते. मिस्टर हसतात, वर व्हिडिओ काढतात आणि म्हणतात ती झुरळं खाते, राहू दे. सासूबाई म्हणतात लक्ष्मी आहे, श्रावणात मारू नको. मुलगा आता रात्री एकटा बाथरूमला जात नाही. स्प्रेची अख्खी बाटली संपवली, मीठ टाकलं, उपयोग शून्य. त्यात राखीला नणंद पोरांना घेऊन राहायला येतीये. मारू की नको ते एकदा सांगा आणि मी वेडी आहे का तेही सांगा. – गोमग्रस्त."

गोमग्रस्त बाई, अगंतुगं करतीये, रागावू नको. शेवटचा प्रश्न आधी घेते: तू वेडी नाहीयेस. आणि पहिल्याचं उत्तर, मारत बसू नको पण घरातून घालवायची मात्र नक्की, आणि ते काम तुझ्या एकटीचं नाही, चौघांचं आहे.

आता आधी नक्की काय निघतंय ते बघू, कारण आपल्याकडे पुष्कळ पायांचं काहीही दिसलं की त्याला सरसकट गोम म्हणून मोकळे होतात आणि अर्धी घबराट तिथूनच सुरू होते. पावसात कुंडीखाली, अंगणात काळं-तपकिरी, गोलसर अंगाचं, सावकाश चालणारं जे दिसतं आणि हात लावला की चकलीसारखं वेटोळं करून पडून राहतं तो पैसा, काही घरांत त्याला वाणी म्हणतात, तो चावत नाही, कुजका पाला खाऊन जगतो बिचारा. दुसरी ती घोण, चपटी, जाड, लालसर नाहीतर काळपट, आखूड दणकट पाय, वीतभर सुद्धा वाढते, दगडाखाली, विटांच्या चळतीत, सरपणात राहते. ही चावली तर ब्रह्मांड आठवतं, हिच्याशी मस्ती नाही. आणि तिसरी तुझ्याकडची, घरातली लांब पायवाली. हिचं अंग जेमतेम इंच-सव्वा इंच पण पायांमुळे तळहाताएवढी वाटते. तू लिहिलेलं वर्णन, पिवळट रंग, पाठीवरच्या रेघा, ते पळणं, सगळं हिचंच आहे, त्यामुळे घोणीची भीती हिच्या नावावर जमा करू नको.

हिच्या पायांच्या १५ जोड्या असतात, म्हणजे ३० पाय. शंभर पाय ह्यांच्यात कुणालाच नसतात बरं का, कारण मोठ्या झालेल्या कुठल्याही गोमेच्या पायांच्या जोड्या कायम विषम आकड्यातच भरतात, १५, २१, २३ अशा, आणि शंभर व्हायला जोड्या लागतात ५०. अंड्यातून बाहेर येते तेव्हा हिला ४ च जोड्या असतात, मग कात टाकत टाकत वाढत जातात. पुढच्यापेक्षा मागचे पाय लांब असतात म्हणून एवढे पाय असून एकमेकांत अडकत नाहीत, आणि शेवटची जोडी तर हुबेहूब मिशा वाटते, त्यामुळे तोंड कुठल्या बाजूला आहे हेच आपल्याला कळत नाही आणि आपण नेमके चुकीच्या बाजूला उडी मारतो. जगभर घराघरांत पसरलेली ह्यातली जात म्हणजे स्कुटिजेरा कोलिऑप्ट्राटा, मूळची भूमध्य समुद्राच्या आसपासची, स्वीडनच्या लिनियस ह्या शास्त्रज्ञाने १७५८ साली तिला नाव दिलं आणि पुढे माणसांच्या सामानसुमानाबरोबर ती देशोदेशी पोचली. आपल्या भारतात ह्याच खानदानातली थेरेउओपोडा नावाची अजून लांब पायांची मंडळीही आहेत. तुझ्या बाथरूममधली कुठली का असेना, वागणूक सारखीच. पळायचा वेग सेकंदाला साधारण ४० सेंटीमीटर, म्हणजे चार फुटांचं बाथरूम तीन सेकंदांत पार. त्यात लाइट लागला की तिला अंधार हवा असतो आणि जवळचा अंधार कधीकधी तुझ्या गाऊनखालीच असतो, ती तुझ्या अंगावर येत नसते, लपायला जागा शोधत असते, पण हे त्या क्षणी कुणाला सुचतं, मलाही नाही सुचणार.

म्हणून किंचाळण्याबद्दल अजिबात लाजू नको. एवढे पाय, एवढा वेग आणि कुठे वळेल त्याचा नेम नाही, ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस दचकतोच, त्यात शिक्षणाचा आणि धाडसाचा काही संबंध नाही. हरिहर किल्ल्याच्या त्या उभ्या पायऱ्या एका हातात मोबाईल धरून चढणारे गडी घरी पाल दिसली की सोफ्यावर उभे राहतात, असे आपल्या नाशकात पैशाला पासरी मिळतील.

आता मिस्टरांकडे वळू, हा पॅरा त्यांना वाचायला दे. अहो, तुमची माहिती शंभर टक्के बरोबर आहे. ही गोम झुरळं खाते, पुस्तकातली कसर खाते, वाळवी, ढेकूण, कोळी, जे सापडेल ते. तोंडाखालच्या पायांच्या पहिल्या जोडीचीच विषारी नखं झालेली असतात, त्यांनी भक्ष्य टोचते, बाकीच्या पायांनी दाबून धरते, आणि एक खाता खाता दुसरं पकडून ठेवण्याइतकी हुशार असते. जाळी विणत नाही, आपल्या अन्नाला तोंड लावत नाही. पण माहिती बरोबर असणं आणि वागणं बरोबर असणं ह्यात फरक आहे ना. बायको थरथरत कोपऱ्यात उभी आहे आणि तुम्ही झूम करून शूटिंग करताय, मग तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर, मग त्यावर मामेभावाचे हसणारे इमोजी, ह्यात तुमचं विज्ञान कुणाच्या कानापर्यंत पोचणार? आजपासून व्हिडिओ बंद. आणि खरी गोम तर पुढेच आहे. ती झुरळं खाते म्हणून राहू दे असं म्हणताय, म्हणजे घरात तिला पुरतील एवढी झुरळं आहेत हे तुम्हीच कबूल केलंत. शिकारी तिथेच टिकतो जिथे शिकार आहे, आणि ही तर तिथेच टिकते जिथे ओल पण आहे. मग रविवारी बेसिनखालचं कपाट रिकामं करायचं काम तुमचं.

सासूबाईंशी मात्र ह्यावर वाद घालू नको. गोम दिसली की लक्ष्मी आली असं पुष्कळ घरांत मानतात, पटो न पटो, त्यांचा निकाल आणि माझा निकाल शेवटी एकच निघतोय, मारायची नाही. नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन खणायची नाही हे ज्या बाईने आयुष्यभर पाळलं तिला श्रावणात चपलेने ठेचलेली गोम बघवणार नाही, हे समजण्यासारखं आहे. त्यांना सरळ विचार, "आई, मी मारत नाही, पण लक्ष्मीला अंगणात नेऊन सोडलं तर चालेल ना?" नाही म्हणायच्या नाहीत. उलट कुंडीपाशी सोडायला स्वतः दार उघडून देतील बघ.

चावण्याचं बोलू, कारण तुझी खरी भीती मुलाच्या बाबतीत असणार. ही लांब पायवाली सहसा चावत नाही, तिची नखं इतकी नाजूक की बऱ्याचदा माणसाच्या कातडीत शिरतच नाहीत. हातात पकडली, अंगाखाली दाबली गेली तर टोचू शकते, मग मधमाशी चावल्यासारखं दुखतं, लाल होतं, थोडं सुजतं आणि काही तासांत उतरतं. साबणाने धुवायचं, बर्फ लावायचा, झालं. घोण चावली तर दुखणं खूप जास्त असतं, तेव्हा जागा साबण-पाण्याने स्वच्छ धुवून सोसेल इतक्याच गरम पाण्यात धरली तर बऱ्याच जणांना आराम पडतो (मुलांच्या बाबतीत पाण्यात आधी आपला हात घालून बघा, नाहीतर भाजवून ठेवाल), दुखण्याची गोळी, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते डॉक्टरांना विचारायचं. चेहरा सुजला, श्वास लागला, चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या, किंवा चावलंय ते लहान मूल असेल तर घरी प्रयोग करत बसायचं नाही, सरळ दवाखाना. आणि घाबरायचंच असेल तर लाल विंचवाला घाबरा, विशेषतः जुन्या नाशकातल्या दगडमातीच्या वाड्यात नाहीतर मळ्यात घर असेल तर. त्याचा दंश, त्यातून लहान मुलांना, जिवावर बेतू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून कितीतरी लोकांचे प्राण वाचवले, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली ती उगाच नाही. तुझ्या गोमेसाठी असलं काही लागत नाही.

कानात जाते का, हे तू विचारलं नाहीस पण सासूबाईंनी एव्हाना सांगितलं असेलच. ह्या लांब पायवालीला माणसाच्या कानात काही मिळत नाही. जमिनीवर झोपणाऱ्याच्या कानात किडा जाणं होतं कधीकधी, पण बहुतेक वेळा ते निघतं झुरळ, म्हणजे हिचंच जेवण. कुठलाही जिवंत किडा कानात गेला तर काडी, पिन, बड काही घालायचं नाही, कानाचा पडदा ठीक असेल आणि कान वाहत नसेल तर कोमट खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब टाकले की आतली वळवळ थांबते, मग कानाच्या डॉक्टरकडे जाऊन काढून घ्यायचं.

आता स्प्रे आणि मीठ. मिठाने गोमेला काही होत नाही, ते गोगलगायीचं औषध लोकांनी गोमेला चिकटवलंय. स्प्रे थेट अंगावर बसला तर ती मरते, पण एवढ्या वेगात पळणाऱ्या जिवावर नेम कुणाचा बसतो, अर्धी बाटली टाइल्सवर आणि अर्धी आपल्याच नाकात जाते, त्यात बंद बाथरूम आणि मागून लहान मूल जाणार, नकोच. झुरळांसाठी जे जेल मिळतं ते ही खात नाही कारण हिला हलतंफिरतं जिवंत भक्ष्य लागतं, पण तरी ते जेल लाव, झुरळं कमी झाली की हिचा डबा बंद होतो. चपलेचंही तेच, फटका मारला की दोन-चार पाय तिथेच वळवळत राहतात आणि बाई पसार. संकटात पाय सोडून द्यायची तिला सोय आहे, पुढच्या कातीला ते परत येतात, गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही असं जुनी माणसं म्हणतात ते अगदी शब्दशः खरं आहे.

मग तिला घालवते ती एकच गोष्ट, कोरडी हवा. आपल्यासारखं नाक नसतं तिला, पाठीवरच्या भोकांतून श्वास घेते आणि ती भोकं तिला बंद करता येत नाहीत, त्यामुळे कोरड्या जागी अंगातलं पाणी उडून जातं आणि ती जगू शकत नाही. म्हणून पावसाळ्यात दिसते, म्हणून बाथरूममध्ये दिसते. बेसिनमध्ये दिसते ते पण ती पाइपातून वर आली म्हणून नसतं बहुतेक वेळा, पाणी प्यायला उतरते आणि गुळगुळीत स्टीलवर, सिरॅमिकवर नखं टिकत नाहीत म्हणून अडकून बसते रात्रभर. तू सकाळी बघतेस तेव्हा ती तुझ्यापेक्षा जास्त टेन्शनमध्ये असते.

तर बाथरूमला एग्झॉस्ट फॅन नसेल तर तो आधी बसवा, असेल तर अंघोळीनंतर अर्धा-पाऊण तास चालू ठेवा, पाच मिनिटांत बंद करून लाइटबिल वाचवणारे घरात कोण आहे ते मला माहीत नाही पण असतं प्रत्येक घरात एक. रात्री झोपायच्या आधी वायपरने फरशी कोरडी ओढून घ्या, ओलं पायपुसणं बाहेर वाळत टाका. नहाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून जातं तिथली, जाळी उचलून बघा, आत केसांचा गुंता आणि साबणाचा गाळ असेल, तो काढा, आणि झाकण असलेली झुरळाची जाळी मिळते हार्डवेअरच्या दुकानात ती बसवा. वापरात नसलेलं बाथरूम असेल तर त्या ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि चेंबरमधली झुरळं थेट वर येतात, तिथे एक-दोन दिवसाआड तांब्याभर पाणी ओतत जा. किचनच्या बेसिनखाली पाइप जिथे भिंतीत शिरतो तिथली फट व्हाइट सिमेंटने बुजवा, रो-हाऊसची भिंत शेजाऱ्याशी सामायिक असते, तुम्ही कितीही स्वच्छ राहिलात तरी तिकडून पाहुणे येतातच. मागच्या दाराखालून उजेड दिसतो का बघा, दिसत असेल तर रबरी पट्टी लावा. आणि ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे खोके जिन्याखाली रचून ठेवलेत ना, ते आजच भंगारवाल्याला द्या, पावसात पुठ्ठा ओल धरतो आणि झुरळांना त्याहून बरी जागा कुठे. भिंतीला पोपडे आले असतील तर मात्र त्याचं वॉटरप्रूफिंग पावसाळ्यानंतरच होईल, आत्ता ओल्या भिंतीवर रंग मारून घ्यायच्या भानगडीत पडू नका, कुणी कितीही स्वस्तात सांगितलं तरी. ऑक्टोबरची हीट सुरू झाली की नाशकातली हवा अशी कोरडी होते की दिसायचं प्रमाण आपोआप उतरतं.

तोपर्यंत दिसलीच तर पकडायची कशी? रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी, आणि एक जाड लग्नपत्रिका, ती तर प्रत्येक घरात पडून असते. गोम थांबलेली असताना बरणी वरून सावकाश ठेवायची, काठाखाली पाय चेंगरणार नाहीत एवढं बघायचं, पत्रिका खालून सरकवायची आणि बाहेर कुंड्यांमागे नेऊन सोडायची. बेसिनमध्ये असेल तर अजून सोपं, ती पळूच शकत नाही. हे काम मिस्टरांचं, ते फारच प्राणिप्रेमी आहेत ना. तू करायलाच पाहिजे असं काही नाही, भीतीवर मात वगैरे करून दाखवायची परीक्षा कुणी लावलेली नाही. फक्त बरणी-पत्रिका बाथरूमबाहेर कायम एका जागेवर ठेवा आणि तू हाक मारलीस की त्यांनी उठायचं, रात्री दोनला सुद्धा, न हसता. एवढा एक नियम घरात झाला ना की तुझी निम्मी भीती कमी होते बघ, कारण तुला नुसत्या गोमेची भीती नाहीये, आपण ओरडणार आणि सगळे हसणार ह्याची पण आहे.

मुलाचं जरा नाजूक आहे. पोरं किडा बघून घाबरतात त्याआधी आईचं तोंड बघून घाबरतात, म्हणून त्याच्यासमोर शक्य तेवढं दात-ओठ आवळून "बाबा, बरणी आणा" एवढंच म्हण. जमलं नाही, किंचाळलीस, तरी हरकत नाही, नंतर त्याला सांग की आई दचकली होती. त्याला "मुलगा असून घाबरतोस" हे वाक्य घरात कुणीही म्हणायचं नाही. बाथरूमच्या वाटेवर छोटा नाइट लॅम्प लाव, आत जायच्या आधी बाहेरून लाइट लावून दहा आकडे मोजायला सांग, तेवढ्यात जे असेल ते पळून जातं, आणि पायात स्लिपर. बाबांनी पकडलेली गोम बरणीतून बघू दे त्याला, पाय मोजू दे, बहुतेक ३० भरणार नाहीत, एखाद-दोन तुटलेले असतात, मग ते कुठे गेले ह्यावर तो तुला अर्धा तास पिडेल आणि त्यातच त्याची धास्ती निघून जाईल. बरणीत पाळायचा हट्ट धरेल, तो मात्र मान्य करू नको, आणि हात लावायला द्यायचा नाही हे पक्कं.

पेस्ट कंट्रोल करायचं का? झुरळं दिवसाढवळ्या ओट्यावर फिरत असतील तर करा, झुरळांचं म्हणून करा, आणि आधी ती जाळी, फटी, खोके एवढं उरकून घ्या, नाहीतर दोन-तीन महिन्यांत परत तेच. गोमेसाठी वेगळं पॅकेज सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लाव.

राहिली नणंद. ती येणार म्हणजे हॉलमध्ये गाद्या पडणार. गाद्या भिंतीपासून हातभर लांब टाका, पांघरुणं जमिनीवर लोळू देऊ नका, बेडवर जागा असेल तर लहान पोरांना वर झोपवा, आणि माळ्यावरून काढलेल्या उशा-गोधड्या आदल्या दिवशी गच्चीत, पाऊस उघडला असेल तर, नीट झटकून घ्या. तिला आल्या आल्या सांगून टाक की पावसात कधीतरी गोम दिसते, चावायला येत नाही, बरणी इथे आहे, भावाला हाक मार. आणि तो मोबाईल काढायला लागला तर तुम्ही दोघींनी मिळून काय करायचं ते राखीच्या ओवाळणीच्या वेळी ठरवा.